कमरेचा रुमाल

राज्याच्या फायनलला रेफरी म्हणून निवड झाली असती, तर मुरलीधररावांच्या पदरात काय काय पडणार होतं, याचा हिशेब मी त्यांच्याच गाडीत, त्यांच्याच शेजारी बसून केला होता. एक जाकीट, छातीवर राज्याचं नाव भरलेलं. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकात अर्धं पान, फोटोसकट. मंडळाच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेत खुर्ची. तोवर ते दरवर्षी श्रीखंडाच्या टेबलामागे डाव घेऊन उभे असत. आणि सगळ्यात मोठी जमा म्हणजे आमचे सासरे. अमरावतीला मुरलीधररावांच्या लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी सहज विचारलं होतं, मुलगा काही खेळतो-बिळतो का? तर मुलाकडच्याच कोणीतरी सांगितलं, पळतो चांगला, पण फक्त एस.टी. पकडायला. बैठक हसली. सासरे जाऊन किती वर्षं झाली, मुरलीधरराव अजून त्या एस.टी.मागे पळत होते.

"वामनराव, ध्यान कुठं आहे तुमचं?"

"रस्त्याकडे."

"रस्ता मी पाहून राह्यलो. तुम्ही प्रश्न ऐका. एक गडी तोंडावर पडला. त्याच्या मागं हत्तीएवढं पोरगं उभं, हात पुढं केलेले. रुमाल टाकता का नाही?"

"हत्तीनं ढकललेलं मी पाहिलं का?"

"नाही. पडलेला पाहिला."

"मग नाही टाकत."

"काहून जी?"

"सुरुवात पाहिली नसेल तर शेवटावर रुमाल नाही."

"शाब्बास. कोणी शिकवलं हे?"

"तुम्हीच."

"मग मंदाला सांगत जा ना कधीमधी."

मंदा माझी बायको आणि तिची मोठी बहीण कुंदाताई त्यांची. म्हणजे आम्ही दोघं साडू. ओहायोतल्या एका टायरच्या कारखान्यात मुरलीधरराव ठोसर इंजिनियर म्हणून आले, मागोमाग त्यांच्याच शब्दावर मी आलो, आणि त्यांच्याच शब्दावर शुक्रवार संध्याकाळचा अमेरिकन फुटबॉलचा पंचही झालो. खेळाडूनं नियम मोडलेला दिसला की पंचानं कमरेला खोचलेला रुमाल मैदानात टाकायचा, हे मुख्य काम. तिकडे हायस्कुलांचे सामने खूप आणि पंच कमी. मुरलीधररावांना आधी एका सहकाऱ्यानं ओढलं, मग मुरलीधररावांनी मला. परका माणूस पैसे विचारतो, वेळ विचारतो. साडूला विचारायची सोय नसते.

लोकांनी त्यांच्या मुरलीधरचा मर्ल केला आणि माझ्या वामनचा वेन. 'मर्ल आणि वेन' ऐकून कोणालाही वाटावं, मक्याची शेती करणारे दोन भाऊ असतील. मग आम्ही दोघं गाडीतून उतरायचो.

पाच पंचांत मर्ल रेफरी, म्हणजे मुख्य. त्याची टोपी पांढरी. उरलेल्या चौघांच्या काळ्या. मी अंपायर. रेफरी चेंडू घेऊन निघणाऱ्या संघाच्या पाठीमागे उभा राहतो, अंपायर समोर, बचाव करणाऱ्यांच्या मधोमध. तिथे मार जास्त आणि मान कमी. पण जे काही घडतं ते तोंडावर घडतं.

मागच्या सीटवर दोन वस्तू होत्या. कुंदाताईंनी दिलेला सांबारवड्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या वड्यांचा डबा आणि प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेली एक कोरी पांढरी टोपी.

"ही आज घालणार का?" मी विचारलं.

"ती फायनलची आहे."

"अजून निवड व्हायची आहे."

"म्हणून तर पिशवीत आहे."

आजचा सामना बाद फेरीतला होता. आज एक माणूस वर बसून आम्हाला गुण देणार होता. मुरलीधरराव गुणांच्या यादीत सगळ्या रेफरींच्या वर होते. त्यांचा गुडघा उन्हाळ्यातच बोलायला लागला होता आणि पुढच्या वर्षी तो काय म्हणेल ते सांगता येत नव्हतं. फायनलला सगळी टीम नेत नाहीत, एकेका जागेला एकेक माणूस निवडतात. त्यामुळे आज मुरलीधरराव एकटेच परीक्षेला बसले होते, आम्ही चौघं त्यांची कंपासपेटी.

ऑटर क्रीक हे एका रस्त्याचं गाव. त्यांचा संघ आला होता वेस्टमोरच्या मैदानावर, जिथे पार्किंगच्या जागेत ऑटर क्रीक मावलं असतं. सामन्याआधी रेफरी आणि अंपायर दोन्ही प्रशिक्षकांना भेटतात. मुलांचं सामान नियमात आहे ना, आणि काही वेगळी चाल खेळणार आहात का, हे दोन प्रश्न विचारायचा रिवाज आहे. दुसरा प्रश्न मोठा गमतीचा. चोरानं हवालदाराला आधीच सांगून ठेवायचं, आज खिडकीतून आत शिरणार आहे, पण खिडकी माझीच आहे.

वेस्टमोरचा प्रशिक्षक म्हणाला, "आमच्याकडे वेगळं काही नाही. आम्ही नुसते जिंकतो."

ऑटर क्रीकचा प्रशिक्षक सडपातळ, कानाला लोकरी टोपी. बहुधा गणित शिकवत असावा. त्यानं एका मुलाला हाक मारली. चौसष्ट नंबर. मुलगा आला तेव्हा आमच्यावर सावली पडली.

"हा लाइनवरून सुटून पुढे जातो आणि त्यांच्या एकावन्न नंबरला अडवतो," प्रशिक्षक म्हणाला. "हा एवढा मोठा आणि समोरचा लहान. त्यामुळे दर सामन्यात याच्यावर पाठीमागून ढकलल्याचा रुमाल पडतो. मी त्याला हात उघडे ठेवून समोरून जायला शिकवलंय. माझी एकच विनंती. हात पहिल्यापासून बघा."

"आम्ही सगळं पहिल्यापासूनच बघतो," मर्ल म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात, सर," चौसष्ट नंबर म्हणाला. प्रशिक्षकानं त्याला कोपर मारलं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच: चेंडू एकाच्या काखेत असतो आणि बाकीचे दहा जण त्याला वाट करून देतात. वाट करून देणं म्हणजे ब्लॉक. समोरच्याला ढकला, अडवा, पण छातीकडून, खांद्याकडून. चेंडू जिथून निघतो त्या लाइनवरच्या गर्दीत थोडी सूट असते. ती गर्दी मागे पडली की पाठीला हात लावायचा नाही. लावला तर दहा यार्ड मागे, आणि त्यात झालेला टचडाऊन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेल्याचे गुण, रद्द. आता यात मेख अशी की माणूस काही पुतळा नसतो. तुम्ही त्याच्या छातीवर हात टेकता आणि त्याच क्षणी तो चेंडूमागे धावायला गर्रकन वळतो. मग हात आपोआप त्याच्या पाठीवर येतात, आणि तो आपटतो तोंडावर. पाहणाऱ्याला वाटतं, मागून ढकललं. नियम म्हणतो, पहिला स्पर्श कुठे झाला ते बघा. त्यानं स्वतःहून पाठ दिली असेल तर ती त्याची त्याला लखलाभ.

मी शाळेत खो-खो खेळलो होतो. आमच्या खेळात पाठीला हात लागल्याशिवाय पुढचा गडी उठतच नाही. या खेळात पाठीला हात लागला की आख्खा संघ मागे जातो. ही अदलाबदल डोक्यात बसायला मला दोन मोसम लागले होते.

नाणेफेकीच्या आधी मुरलीधररावांनी मला कोपरखळी मारली. "वर पाहा. पत्रकारांच्या खोलीच्या बाजूला. तपकिरी कोट."

गुण देणारा व्हर्नन बसला होता. म्हातारा, पूर्वी स्वतः पंच असलेला. गळ्यात दुर्बीण. मांडीवर घोंगडी.

"त्याच्याकडे पाहू नका," मुरलीधरराव म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात पाहा."

"पाहून झालं ना? आता नका पाहू."

सामना थंडीत गोठल्यासारखा चालला. मुरलीधरराव त्या दिवशी सुंदर दिसत होते, हे मी साडू असूनही कबूल करतो. इशारे ठळक, शिट्टी वेळेवर, चाल अशी की गुडघ्यालासुद्धा कळू नये की तो दुखतोय. चौसष्ट नंबर चार-पाच वेळा माझ्या अंगावरून पुढे गेला. दरवेळी मी त्याचे हात पाहिले. ताटं घेऊन पंगतीत शिरणाऱ्या वाढप्यासारखे उघडे.

शेवटचं मिनिट राहिलं तेव्हा ऑटर क्रीक चार गुणांनी मागे होतं आणि चेंडू त्यांच्याकडे होता. चेंडू हातात आला तसा त्यांचा धावपटू उजवीकडून निघाला. चौसष्ट नंबर लाइन सोडून माझ्या दिशेनं आला. एकावन्न नंबर माझ्यापासून दोन हातांवर होता. त्यांची गाठ माझ्या नाकासमोर पडली. हात छातीवर, दोन्ही, उघडे. इतक्यात धावपटू बाजूनं निसटला. एकावन्ननं त्याला पाहिलं आणि तो वळला. पाठ फिरली, हात पाठीवर आले, आणि पोरगं नांगरासारखं जमिनीत रुतलं.

धावपटू थेट शेवटच्या रेषेपलीकडे गेला. ऑटर क्रीकच्या बाजूला घंटा, भांडी, काय काय वाजायला लागलं. आणि माझ्या बुटाशेजारी एक पिवळा रुमाल येऊन पडला. टोकाला वाळूची गाठ असते, त्यामुळे तो उडत नाही, पडतो.

मी मान वर केली. मुरलीधरराव मागून धावत येत होते, आणि त्यांच्या कमरेला रुमाल नव्हता.

त्यांच्या जागेवरून त्यांना काय दिसलं असेल ते मला दिसत होतं. चौसष्टची रुंद पाठ. ती एवढी मोठी की तिच्यापुढे काय चाललंय ते कळायची सोय नाही. मग ती बाजूला झाली, तर समोर तोंडावर पडलेला गडी. हत्ती, हात पुढे केलेले. गाडीतला प्रश्न जसाच्या तसा.

भांडी वाजायची थांबली. रिवाज असा की दुसऱ्या पंचानं वेगळं पाहिलं असेल तर त्यानं येऊन रेफरीला सांगायचं. रेफरीला पटलं तर रुमाल उचलायचा, नाहीतर तसाच ठेवायचा. उरलेले तिघे पंच प्रशिक्षकांना दूर ठेवायला गेले. आम्ही दोघं वादाचं बोलणं मराठीत करतो हे त्यांना माहीत होतं. ते त्याला 'घरची मीटिंग' म्हणत.

"बोला," मुरलीधरराव म्हणाले.

"समोरून होता. हात छातीवर. तो गडी आपणहून वळला."

"नक्की?"

"दोन हातांवर होतो मी."

"मला तर पाठच दिसली."

"शेवट दिसला तुम्हाला."

हे त्यांना लागलं. ते जमिनीकडे पाहत राहिले. मग त्यांची नजर हळूहळू वर, तपकिरी कोटाकडे गेली.

"त्याच्याकडे पाहू नका," मी म्हणालो.

"गंमत नका करू, वामनराव. मी जर आता म्हणलं की माझा रुमाल चुकला, तर गेली ना फायनल. शेवटच्या मिनिटात, टचडाऊनवर, सुरुवात न पाहता! पहिल्या वर्षाचं पोरगंही करत नाही असं."

"मग उचलू नका?"

ते पुन्हा त्या रुमालाकडे पाहू लागले. त्या पाहण्यात मला सगळा हिशेब दिसला. रुमाल तिथंच राहिला तर वरून कोणालाच कळणार नव्हतं. एक पोरगं तोंडावर पडलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. ऑटर क्रीकचा टचडाऊन जाणार, वेस्टमोर जिंकणार, आणि मर्लनं मोठ्या सामन्यात कणखर निर्णय दिला असं म्हणून लोक घरी जाणार. चौसष्टच्या आईबापांपलीकडे कोणाची तक्रार नसती.

"उचलावा तर लागते," ते अखेर म्हणाले. "तुम्ही पाहिलंय म्हणता तर उचलावाच लागते. पण एक काम करा."

"काय?"

"तो तुमचा आहे म्हणून सांगतो."

"माझा माझ्या कमरेला आहे."

"आत ढकला."

"काय?"

"आत ढकला ना, बापा. पँटीत. कोणाला काय दिसते? दोघं एकाच जागी होतो आपण. तुम्ही टाकला, मग तुम्हालाच वाटलं घाई झाली, मी विचारपूस केली, आपण उचलला. तुम्हाला काय फरक पडते? तुम्हाला कोणी फायनलला नेऊन राह्यलं का?"

हे खरं होतं. खरं बोलणाऱ्या माणसावर रागावता येत नाही, आणि साडूवर रागावलं तर आपण घरी पोचायच्या आत ते घरी पोचतं. पण मी हो म्हणालो ते त्यासाठी नाही. मला तो रुमाल उचललेला हवा होता. तो कोणाच्या नावावर उचलला जातोय हा पुढचा प्रश्न होता, आणि पुढच्या प्रश्नासाठी मागचा अडकवून ठेवण्याएवढा वेळ घड्याळात नव्हता. नाही म्हणालो असतो तर त्यांनी तो ठेवलाच असता का? आजही सांगता येणार नाही. मी पैज लावली नसती.

मी कमरेचा रुमाल अंगठ्यानं आत ढकलला. बोटं गारठली होती, लवकर जाईना.

"झालं?"

"झालं."

मुरलीधरराव वळले, ताठ झाले, खाली वाकून रुमाल उचलला आणि दोन्ही हात डोक्यावर फिरवून इशारा केला: रुमाल रद्द, टचडाऊन कायम. ऑटर क्रीकच्या भांड्यांना पुन्हा कंठ फुटला.

वेस्टमोरचा प्रशिक्षक रेषेवर येऊन उभा होता. "मर्ल! रुमाल होता कोणाचा?"

"अंपायरचा," मर्ल म्हणाला. "त्यानं परत घेतला." आणि तो रुमाल त्यांनी सगळ्यांदेखत माझ्या हातात दिला.

"वेन!" प्रशिक्षक ओरडला. "तुला तो नाक पुसायला दिलाय का रे?"

"थंडी फार आहे, कोच," मी म्हणालो.

परतीच्या वाटेवर मुरलीधररावांनी सांबारवड्यांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. "खा," ते म्हणाले. "सगळ्या खा." मी सगळ्या खाल्ल्या.

निकाल लागायचा होता त्याच शनिवारी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. शाळेची कॅन्टीन भाड्यानं घेतलेली. मुरलीधरराव यंदा श्रीखंडाच्या टेबलामागे नव्हते. 'फोन यायचा आहे' म्हणून ते आधीच पुढच्या रांगेत जाऊन बसले होते. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी दिवाळी अंकाचं छापखान्यातलं काम त्यांच्यासाठी दोन दिवस थांबवलं होतं. श्रीखंडाचा डाव त्यामुळे माझ्या हातात.

"कोणाचा फोन हो, भाऊजी?" मंदानं त्यांना मुद्दाम मोठ्यानं विचारलं. "एस.टी. महामंडळाचा का?"

"मंदे, गप," कुंदाताई म्हणाल्या, पण त्यांनाही हसू आलं होतं.

फोन वाजला तो माझा. मी डाव मंदाच्या हातात दिला आणि बाहेर पार्किंगमध्ये गेलो.

"वेन, मी व्हर्नन. फायनलला अंपायर म्हणून तुझं नाव दिलंय. येशील ना?"

मी म्हणालो, "आणि मर्ल?"

"मर्ल नाही."

"त्या रुमालामुळे असेल तर तो माझा होता. मर्लनं उलट तो—"

"वेन," म्हातारा म्हणाला, "मैदानात रुमाल पडला की लोक रुमालाकडे बघतात. मी आधी पाच कंबरा बघतो. मला पाहायचं असतं, कोणाची रिकामी आहे. त्या दिवशी चौघांच्या कमरेला रुमाल होता. त्यात तू होतास. मग तुम्ही दोघं जवळ आलात, काहीतरी बोललात, आणि बाजूला झालात तेव्हा तुझी कंबर रिकामी होती."

मी पार्किंगमधल्या गाड्या बघत राहिलो. एकीच्या काचेवर गणपती होता.

"काय बोललात तुम्ही?" त्यानं विचारलं.

"घरगुती."

"मलाही घरगुतीच वाटलं. मला एक मेहुणा आहे." तो जरा खोकला. "ब्लॉक मी नंतर फिल्मवर पाहिला. समोरूनच होता. तू बरोबर होतास. त्यानं उचलला तेही बरोबर."

"मग झालं तर. चूक कुठे राहिली?"

"टाकला ती चूकच. त्याचा एक गुण मी कापला असता. पण तो बाकीच्यांच्या किती पुढे होता, माहीत आहे तुला? गुण कापूनही तोच गेला असता. फक्त त्यानं म्हणायला हवं होतं, माझा होता."

"हे तुम्ही त्याला सांगणार आहात?"

"मी निवडलेल्यांना फोन करतो," व्हर्नन म्हणाला. "न निवडलेल्यांना घरचे सांगतात."

आत गेलो तेव्हा मुरलीधरराव उभेच होते. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना अर्धं कळलं, उरलेलं मी सांगितलं. निवड झाल्याचं. कंबरांचं नाही.

"तुमची?" ते म्हणाले.

"अंपायर म्हणून."

"आणि माझी..."

"नाही."

ते थोडा वेळ पुढच्या रांगेतल्या त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी मला हिशेब समजावून सांगितला. म्हणजे असं पाहा, रुमाल चुकला म्हणून तुम्ही मोठ्या मनानं परत घेतला, प्रामाणिकपणाचे गुण तुम्हाला. आणि माझ्या टीमचा रुमाल चुकला म्हणून गुण कापले माझे. माझीच चूक घेऊन नफा तुम्ही काढला की हो!

"तसं दिसतंय," मी म्हणालो.

"व्वा रे न्याय!" ते म्हणाले, आणि जाऊन मंदाच्या हातातला डाव घेतला. "आण इकडं. तुला वाढता येत नाही. केवढालं वाढून राह्यली!"

फायनलच्या दिवशी गाडी त्यांनीच चालवली. अडीच तासांची वाट, पण त्यांनी नियमांचा एकही प्रश्न विचारला नाही. पंचांच्या घरच्यांसाठी दोन पास मिळाले होते. ते दोघी बहिणींनी गाडीतच वाटून घेतले. मैदानाच्या दाराशी मी पंचांच्या रांगेत गेलो, त्या दोघी पासांच्या रांगेत, आणि मुरलीधरराव तिकिटांच्या.

सामना साधा झाला. माझा रुमाल एकदाही कमरेबाहेर आला नाही. मधल्या सुट्टीत मी वर पाहिलं तेव्हा ते प्रेक्षकांत बसून शेजारच्या अनोळखी माणसाला हातवारे करून काहीतरी समजावत होते. हात छातीवर, मग वळण, मग हात पाठीवर. तो माणूस मान डोलावत होता. सामन्यानंतर मंदाला विचारलं तर ती म्हणाली, "अख्खा सामना त्यांनी त्याला ब्लॉकच शिकवले. शेवटी तो बिचारा दुसरीकडे जाऊन बसला."

परतताना दोघी बहिणी मागे झोपल्या. कोरी पांढरी टोपी त्या दोघींच्या मध्ये पिशवीतच होती. ती माझ्या काही कामाची नव्हती. अंपायरची टोपी काळी असते.

"वामनराव."

"हं."

"तुम्ही तो रुमाल आत ढकलायला जरा वेळच लावला, नाही?"

"बोटं गारठली होती."

"हं." आणखी एक गाव मागे गेलं. "त्या म्हाताऱ्यानं तुम्हाला काही सांगितलं का? काहून मी नाही म्हणून?"

"नाही. निवडलेल्यांना फोन करतो म्हणाला, एवढंच."

"नाही, मी इचार करून राह्यलो. समजा, मी तेव्हा म्हणलं असतं, माझा होता. चुकला. तर?"

मी समोरच्या रस्त्याकडे पाहत होतो. तो पाहायचं काम त्यांचं होतं, पण त्या क्षणी दोघंही तोच पाहत होतो.

"तर काही नाही," मी म्हणालो. "फायनल गेलीच असती तुमची. शेवटचं मिनिट, टचडाऊन, सुरुवात न पाहता. कसं नेलं असतं तुम्हाला?"

"तेच म्हणतो मी," ते म्हणाले, आणि सीटमध्ये जरा सैलावून बसले. "कसंही केलं असतं तरी गेलीच होती."

"गेलीच होती."

ऑटर क्रीक पुढच्याच आठवड्यात हरलं होतं, तेही सरळ, कोणाच्या रुमालाशिवाय. चौसष्ट नंबरला त्या घरच्या मीटिंगमध्ये काय ठरलं ते कधी कळलं नाही, आणि कळायचं कारणही नव्हतं. त्याचे हात स्वच्छ होते. व्हर्नन दोन वर्षांनी गेला, कंबरांची गोष्ट तो बरोबर घेऊन गेला. मंडळाच्या अंकात अर्धं पान माझं आलं, फोटो मात्र जुना, श्रीखंड वाढतानाचा. जाकीट आलं ते दोन नंबर मोठं. थंडीच्या दिवसांत मंदा ते घालून कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला जाते. कुंदाताईंना आणि तिला फायनल फुकट पाहायला मिळाली.

तिकीट काढलं ते एकट्या मुरलीधररावांनी.